जंगलचा पास

गडचिरोली-चंद्रपूरकडे त्याला नुसते ‘टीपी’ म्हणतात, ठाणे-पालघरकडे ‘पास’. सरकारी पत्रात तो ‘वाहतूक परवाना’ होतो. माल कोणता, नग किती, लांबी आणि गोलाई किती, कुठून निघाला, कोणत्या रस्त्याने कुठे जाणार, गाडीचा नंबर काय, मुदत कधीपर्यंत, एवढे रकाने आणि खाली सही-शिक्का. माल इमारती लाकडाचा असेल तर ओंडक्यावर मारलेली हातोड्याची निशाणी पासातल्या नोंदीशी जुळावी लागते. नाक्यावर गाडी थांबते, वनरक्षक कागद बघतो, नग मोजतो, आडवा बांबू वर उचलला जातो. कागदात खोट निघाली तर माल जप्त होतोच, गाडीही सरकारजमा होऊ शकते.

शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर लावलेला, आपल्या खर्चाने वाढवलेला साग विकायचा म्हटले तरी तोडीची परवानगी काढा, मग वाहतुकीचा पास काढा, हे चुकत नाही. ज्वारीच्या पोत्याला रस्त्यात अडवून ‘ही तुझीच कशावरून’ असे कोणी विचारत नाही. सागाला विचारतात. त्यामागचे कारण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या ६९ व्या कलमात आहे. एखादे वनोपज सरकारचे की नाही असा प्रश्न उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच धरावे, असे ते कलम सांगते. चोरीच्या इतर खटल्यांत वस्तू फिर्यादीची होती हे दाखवावे लागते. इथे ज्याच्या हातात माल, त्यानेच तो आपला असल्याचे दाखवायचे. दाखवायचे कशाने, तर पासाने. म्हणून रस्त्याचा परवाना म्हणून फिरणारा हा कागद व्यवहारात मालकीचा दाखला ठरतो, आणि तो फाडून देण्याचा अधिकार कोणाकडे, हा वाद ‘जंगल कोणाचे’ या वादापासून कधी सुटा झाला नाही. वनखात्याने गेल्या दीडशे वर्षांत बरेच काही सोडले, पण पासबुक हातचे सोडायला ते सर्वांत शेवटी तयार झाले.

परवानगीची कल्पना साहेबाने आणली असे समजण्याचे कारण नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखले जाणारे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. त्यात आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विषय येतो. गलबतांना तख्ते लागतात, सोट लागतात, डोलकाठ्या लागतात. त्यासाठी राज्यातल्या अरण्यातला साग तोडायचा, पण हुजुरास लिहून, हुजूरची परवानगी घेऊन. कमी पडेल ते परमुलखातून विकत आणायचे. आंबा आणि फणस यांची लाकडेही आरमाराच्या कामाची असतात, पण त्यांना हात लावायचा नाही, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जुने झाले असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. जबरदस्ती करू नये.

हा उतारा पर्यावरणदिनाच्या भाषणांत आता इतका घासला गेला आहे की त्यातली खरी गोम नजरेतून सुटते. परवानगी मागायची आहे ती सरकारच्याच माणसांनी. अरण्यातला साग हवा तर राजाला विचारा, परसातला फणस हवा तर रयतेला विचारा, असा दुहेरी बांध इथे कारभाऱ्यांना घातलेला आहे. जकातीच्या चौक्या होत्या, दस्तके होती, घाटाघाटांवर माल तपासला जाई, हे सगळे खरे. पण चौकीला महसुलाशी कर्तव्य. डोक्यावरची मोळी मुळात सरकारची, तुझी असेल तर सिद्ध कर, असे म्हणणे तिचे काम नव्हते. आज्ञापत्रातली परवानगी आणि आजचा पास यांच्यात दिशा उलटली आहे, आणि ती कुठे उलटली हे पाहायला मलबारात जावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंड नेपोलियनशी लढत होते आणि जहाजांना ओक पुरत नव्हता. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी सागाची लढाऊ जहाजे बांधत होती. १८१७ मध्ये पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ अजूनही इंग्लंडमध्ये तरंगते आहे. हा साग मलबारचा. तो सुरळीत मिळावा म्हणून कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याला जंगलांचा काँझर्व्हेटर नेमले. त्याने मलबारपासून त्रावणकोरपर्यंत सागाचा मक्ताच उभा केला. खासगी जमिनीतला साग असो की देवस्थानाचा, विकायचा तर कंपनीला. जळाऊ लाकडासाठीही रयतेची अडवणूक होऊ लागली. व्यापाऱ्यांनी तक्रारी केल्या, जमीनमालकांनी केल्या, आणि मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने १८२३ मध्ये हे पदच काढून टाकले. म्हणजे जंगलखात्याचा पहिला अवतार सतरा वर्षांत लोकांच्या ओरडीने संपला. खात्याच्या अधिकृत इतिहासांत ही गोष्ट फार तर एका ओळीत येते, आणि तीही ‘दुर्दैवाने’ या सुरात.

दुसरा अवतार मुंबई इलाख्यात आला. पुण्याजवळ दापोडीला कंपनीची वनस्पतिबाग होती. तिचा प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये इलाख्याचा काँझर्व्हेटर झाला. कोकणातले डोंगर उघडे पडत आहेत, झरे आटत आहेत, खाड्या गाळाने भरत आहेत, असे तो लिहीत होता, आणि ते खोटे नव्हते. पण सरकारला झऱ्यांची काळजी वाटली त्याहून कितीतरी पटीने रुळांची वाटली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. रुळांच्या एका मैलाला साधारण १,७६० ते २,००० स्लीपर लागत. लाकूड साधे असेल तर ते काही वर्षांत कुजत आणि पुन्हा घालावे लागत. १८५५ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने ब्रह्मदेशातल्या पेगूच्या जंगलाबाबत धोरण ठरवले. पुढच्याच वर्षी डीट्रिश ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे रुजू झाला आणि १८६४ मध्ये साऱ्या हिंदुस्थानच्या जंगलांचा पहिला इन्स्पेक्टर जनरल बनला.

पासाची रीत घडली ती पुष्कळशी नदीवर. ब्रह्मदेशातला साग डोंगरात तोडून हत्तींकडून ओढ्यात लोटायचा आणि पुराबरोबर रंगूनच्या वखारीकडे सोडायचा, हिमालयातला देवदार नद्यांतून तराफे करून मैदानात आणायचा, अशी वहिवाट. हजारो ओंडके एकाच प्रवाहात. कोणता कोणाचा हे कळावे म्हणून ज्याने त्याने आपल्या हातोड्याची खूण उठवायची. पुरात भरकटलेले, काठाला लागलेले, बुडालेले, खूण पुसली गेलेले लाकूड मग कोणाचे? सरकारने उत्तर दिले: दावा सिद्ध होईपर्यंत आमचे. १९२७ च्या कायद्यात हे ४५ वे कलम आहे. वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार देणारे ४१ वे कलमही आधी नद्या आणि त्यांचे काठ यांवरून होणाऱ्या लाकडाच्या ने-आणीवर सरकारचा ताबा सांगते, मग जमिनीवरच्या मालाकडे वळते. कोणत्या वाटेने माल न्यायचा, पास कोणी द्यायचा, फी किती, तपासणी कुठे, वखारी कुठे, खूण कशी नोंदवायची, नदीचे पात्र अडवायचे नाही, लाकूड चिरण्याचे खड्डे कुठे असावेत, सगळे त्यात आहे. पुरातून भरकटलेल्या बेवारस ओंडक्याबद्दलचे हे गृहीतक पुढे माणसाच्या डोक्यावरच्या मोळीला लागू झाले. ओंडका बेवारस होता. मोळीखाली तर माणूस उभा होता.

पहिला कायदा १८६५ चा, घाईघाईचा. दुसरा, १८७८ चा, विचार करून केलेला आणि म्हणूनच अधिक कडक. तो होण्याआधी सरकारी अधिकाऱ्यांतच मोठी झटापट झाली. बेडन-पॉवेल म्हणत होता की लोकांना जंगलात आजवर जे करू दिले ती सवलत होती. लेखी पुरावा नसेल तर हक्क नाही. ब्रँडिस मधली वाट काढू पाहत होता, गावांसाठी जंगले राखून ठेवू म्हणत होता. मद्रासच्या महसूल अधिकाऱ्यांचे तर म्हणणे होते की जंगले गावांचीच आहेत. जिंकला बेडन-पॉवेल. जंगलाचे तीन वर्ग झाले. राखीव जंगलात परवानगी नसेल ते सर्व मना. संरक्षित जंगलात मनाई नसेल ते सर्व चालेल. आणि तिसरे ‘ग्रामवन’, जे कायद्यात राहिले आणि जमिनीवर क्वचितच उतरले.

आपल्याकडे याचा पहिला चटका ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांना बसला, आणि तो बसला राबामुळे. कोकणात भाताची रोपे करण्याआधी वाफ्यावर शेणी, पाने, टहाळ, गवत, माती असे थर रचून ते भाजतात. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर लावणी नाही. टहाळ येई जवळच्या डोंगरावरून. डोंगराला खात्याच्या हद्दीचे दगड लागले आणि टहाळ छाटणे हा गुन्हा झाला. भाताच्या मुलखात ही केवढी उलथापालथ होती, हे साहेबाला उशिरा कळले. तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये चार खंडांत निघाला, आणि त्यात राबावर भरपूर खल आहे. घाटावर तेव्हा महात्मा फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. डोंगर, दऱ्या, गायराने जंगलखात्यात गेली, शेतकऱ्याच्या शेरडांना उभे राहायला जागा उरली नाही, ही त्यांची १८८३ मधली तक्रार. गुरामागे चराईची फी आणि चराईचा पास हे तोवर गावोगाव रुळले होते.

पास मोडणे हीच राजकीय कृती ठरली १९३० मध्ये. गांधीजींनी मीठ उचलले. पण वऱ्हाडात समुद्र कुठून आणायचा? तिथे मोडण्यासारखा, प्रत्येक गावाला खुपणारा कायदा होता तो जंगलाचा. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलात विनापरवाना गवत कापले आणि अटक करवून घेतली. विळा आणि गवताची पेंढी, एवढ्या सामग्रीवर तो सत्याग्रह उभा राहिला. पाहता पाहता तो बागलाण, संगमनेर, बिळाशीपर्यंत पोचला. २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगरावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सत्याग्रही मेले, त्या गर्दीत मामलेदारही मेले. गवताच्या परवान्यासाठी माणसे मेली हे वाचताना आज अतिशयोक्ती वाटते, पण ज्यांच्या घरी बैल होते त्यांना तेव्हा ती वाटली नसणार.

स्वराज्य आल्यावर परवाने उतरतील अशी लोकांची समजूत असावी. उतरले नाहीत. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. तिथली मालगुजारी आणि जमीनदारी १९५१ मध्ये संपली आणि मालगुजारांची जंगले सरकारकडे आली. मालगुजाराच्या राज्यात गावाला घरबांधणीचे लाकूड, काट्या, बांबू, चराई मिळे. या निस्तार हक्कांची ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये नोंद असे. सरकारच्या राज्यात निस्तार राहिला, पण डेपोतून, ठरल्या दराने, ठरल्या नगांइतका. मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या काळात जंगल कामगार सोसायट्या निघाल्या. ठेकेदाराऐवजी आदिवासींच्याच संस्थेने कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तोडावे, ही कल्पना चांगली होती आणि काही ठिकाणी चालली. पण लाकूड सरकारचे आणि पास खात्याचा, यात फरक पडला नाही. पुढे महाराष्ट्राने १९६४ मध्ये वृक्षतोडीचा कायदा केला. १९६९ मध्ये वनोपजाच्या व्यापाराचा कायदा केला आणि तेंदूपानाची मक्तेदारी सरकारकडे घेतली. १९८० मध्ये केंद्राचा वन संवर्धन कायदा आला. प्रत्येकाची कारणे वेगळी, काही कारणे पटण्यासारखीही. पासबुके मात्र जाड होत गेली.

या काळातला सर्वांत बोलका हिशेब बांबूचा. पूर्व विदर्भात बुरडाला कार्ड मिळते आणि त्या कार्डावर ठरावीक नग सवलतीच्या दराने मिळतात. सूप, टोपली, तट्टा विणून पोट भरणाऱ्याने वर्षाला किती कांड्या वापराव्या याचा सरकारी आकडा असतो. त्याच जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीला दीर्घ मुदतीच्या करारांनी जात होता, आणि करार कूपच्या कूप उचलण्याचे होते. शेजारच्या कर्नाटकात दांडेलीच्या गिरणीला सुरुवातीला टनाला दीड रुपया दराने बांबू दिला गेला, हे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी नोंदवून ठेवले आहे. बांबू संपतो तो लोकांच्या ओरबाडण्याने, असे खाते म्हणत असताना गाडगीळांनी कारवारच्या जंगलात मोजदाद केली आणि गिरणीच्या तोडीची पद्धतही समोर आणली. गिरणीच्या ट्रकला पास होता. म्हणजे कायद्याने पाहता त्या जंगलातून चोरीला काहीच गेले नव्हते.

१९९६ चा डिसेंबर या कथेत विलक्षण आहे. १२ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला: शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल, ते सगळे जंगल, मालकी कोणाचीही असो, केंद्राच्या परवानगीवाचून तिथे बिगरवनाचे काम नाही. ईशान्येच्या राज्यांतून बाहेर जाणारे लाकूडही त्याच आदेशाने थांबले. आणि २४ तारखेला पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा आला. अनुसूचित क्षेत्रात गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेची, असे त्याने म्हटले. बारा दिवसांच्या अंतराने एकाच प्रजासत्ताकाने एक दार घट्ट लावले आणि दुसरे उघडले. महाराष्ट्राने पुढच्या वर्षी पेसाला धरून कायदा केला तेव्हा गौण वनोपजाच्या यादीतून पैसे देणारे दोन जिन्नस बाहेरच राहिले: बांबू आणि तेंदू. उरले ते हिरडा, मोह, मध, डिंक. मोहाला कमी लेखायचे नाही. पण ही यादी करणाऱ्याला हिशेब चांगला येत होता.

मग २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या व्याख्येतच गौण वनोपजात बांबू, वेत, तेंदूपान आले, आणि गोळा करणे, वापरणे, विकणे हा मालकी हक्क म्हणून मान्य झाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या चारशेच्या आसपास वस्तीच्या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्काचा दावा मंजूर होऊन मिळाला. हे गाव एका रात्रीत उगवले नव्हते. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्धच्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनातून ते तयार झाले. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने तिथे अभ्यासगट चाले. कायदे वाचले जात, निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेतला जाई. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. गिरणीच्या बांबूतोडीला त्यांनी पूर्वीच विरोध केला होता. आता बांबू त्यांचा होता, आणि तो विकायचे ठरले. गिऱ्हाईक होते. टीपी नव्हता.

खात्याचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. १९२७ च्या कायद्यात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत ताड-माड, बांबू, खुंट, झुडूप, वेत हे सगळे येते. बांबू झाड असेल तर तो इमारती माल. इमारती माल असेल तर गौण वनोपज कसा? शाळेतला मुलगाही सांगेल की बांबू हे गवत आहे, ऊस आणि ज्वारी यांच्या कुळातले. नवा कायदा तर बांबूचे नाव घेऊन गौण वनोपज म्हणतो. पण पास देणाऱ्याच्या टेबलावर जुने पुस्तक होते आणि त्याची सवय ऐंशी वर्षांची होती. गावाची अडचण साधी होती. बांबू आमचा, आम्ही तो तोडू शकतो, आमच्या चौकात विकूही शकतो. गिऱ्हाईकाने तो गावाबाहेर नेला की नाक्यावर तो चोरीचा ठरतो. जे विकत घेऊन घरी नेता येत नाही ते विकत कोण घेईल?

२१ मार्च २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले: बांबू गौण वनोपज माना. २७ एप्रिलला ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या, म्हणजे देवाजी तोफांच्या हाती दिले. आता पास ग्रामसभा फाडणार, सही तिच्या माणसाची. देशात असे पहिल्यांदाच होत होते. संसदेने पाच वर्षांपूर्वी दिलेला हक्क वापरायला एक केंद्रीय मंत्री आणि एक मुख्यमंत्री यांना उन्हाळ्यात गडचिरोलीपर्यंत यावे लागले, ही त्या सोहळ्याची दुसरी बाजू. गावाला जे मिळत नव्हते ते होते फक्त एक पुस्तक.

कायदा मोठा आणि नियम कोते, हा आपल्याकडचा जुना रिवाज. वनहक्क कायद्याच्या २००७ च्या नियमांत वनोपजाच्या विक्रीला जंगलातल्या वाहतुकीची जी साधने सांगितली ती होती डोक्यावरचा भारा, सायकल आणि हातगाडी. मोटारवाहनाला जुनेच वाहतूक नियम लागू. वीस फुटी बांबू सायकलवर बांधून धानोऱ्याच्या घाटवळणाने बाजाराला निघालेला मालक नियम करणाऱ्याने मनात पाहिला असेल का, शंका आहे. नियम वाचून असे वाटते की आदिवासी गरीबच राहणार हे त्यात गृहीत होते. तो व्यापारी होईल ही शक्यता नियमाला सुचलीच नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये हे नियम सुधारले. योग्य ते कोणतेही वाहन चालेल. पास ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेला माणूस देईल. पासाची कार्यपद्धती हक्काच्या आड येता कामा नये. फी आणि रॉयल्टी नाही.

तरीही प्रत्येक गावाला आपला मेंढा करून दाखवावा लागला. ओडिशात कालाहांडीतल्या जामगुडा गावी २०१२ मध्ये केंद्रीय आदिवासी कल्याणमंत्री किशोरचंद्र देव स्वतः जाऊन प्रतीक म्हणून बांबू विकत घेऊन आले, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी तिथल्या ग्रामसभेच्या हाती पासबुक पडले. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००६ हेक्टर जंगल मिळाले. त्यांनी बांबू तोडून, मोजून, लिलावाने विकायला सुरुवात केली, आणि तेंदूपान तोडायचे नाही असे ठरवले. पानासाठी झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात, म्हणून. मक्तेदारीच्या काळात तेंदूचा हंगाम नाकारणे गावाच्या हाती नव्हते; तोडीच्या ठरलेल्या क्षेत्राचा, म्हणजे युनिटचा, लिलाव गावाबाहेर व्हायचा. न तोडण्याचा हा ठराव मला पासबुकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. २०१४ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रात बांबू आणि तेंदू हे दोन्ही ग्रामसभांच्या यादीत आले. सतरा वर्षांपूर्वी बाहेर ठेवलेले जिन्नस आत आले खरे. त्याच वर्षी राज्याने ‘ग्रामवन’ नियमही काढले आणि खात्याला मागच्या दाराने आत येण्याची वाट ठेवली, अशी टीका झाली ती उगाच नव्हती.

बांबूचे झाडपण अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये संपले. अध्यादेशाने १९२७ च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. शेतात, पडीक जमिनीवर लावलेल्या बांबूला आता तोडीची आणि वाहतुकीची परवानगी लागत नाही. त्यातला लाभ मुख्यतः बांबू लावणाऱ्या शेतकऱ्याचा आणि उद्योगाचा. जंगलातला बांबू वनोपज राहिलाच. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने देशभरासाठी एकच ऑनलाइन पास सुरू केला. अर्ज मोबाइलवर, पासावर क्यूआर कोड, राज्याची हद्द ओलांडली की नवा पास काढायला नको. खासगी जमिनीतले लाकूड विकणाऱ्याचे कचेरीतले हेलपाटे यामुळे वाचतील, आणि ते वाचायलाच हवे होते.

गडचिरोलीत आता अनेक ग्रामसभा स्वतः लिलाव करतात. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी तर महाग्रामसभा उभी केली आहे. तेंदू आणि बांबूचे दर ठरवायला त्या एकत्र बसतात, व्यापाऱ्याशी करार करतात. पासही ग्रामसभेचा, नियमाप्रमाणे पुरेसा. पण माल घेणारा व्यापारी बहुधा बाहेरचा, आणि त्याचा ट्रक बरेचदा तेलंगणात किंवा छत्तीसगडात जायचा असतो. हद्दीपलीकडच्या नाक्यावरचा माणूस खात्याचा शिक्का लांबून ओळखतो. चारशे वस्तीच्या गावाचा शिक्का त्याने आयुष्यात पाहिलेला नसतो. तिथे गाडी दोन दिवस अडकली तर भाडे चढते, पाने भिजतात. व्यापारी हे सगळे बोलीच्या आधीच जमेस धरतो आणि दरातून वजा करून मगच आकडा सांगतो.